पोत्यावर डाग नाही

शालन बंडगर यांनी मला दोन पत्रं लिहिली. पहिल्याला मी उत्तर दिलं आणि ते चुकलं. दुसऱ्याला दिलंच नाही. दुसरं पत्र निळं अंतर्देशीय होतं. अक्षर बालवाडीच्या बाईंसारखं, गोल आणि फळ्यावर लिहिल्यासारखं मोठं. त्यात त्यांनी माझ्याकडे दोन ओळी मागितल्या होत्या. ते पत्र छत्तीस वर्षं माझ्याकडे बुटाच्या एका खोक्यात, ‘कुत्री – माज’ असं लिहिलेल्या कार्डाच्या मागे उभं होतं.

खोकं कसलं ते आधी सांगायला हवं. सांगलीत तेव्हा ‘औतकाठी’ नावाचं शेतकऱ्यांचं एक साप्ताहिक निघत असे आणि मी तिथं उपसंपादक होतो. मुद्रितं तपासायची, पावसाचे आकडे जुळवायचे आणि ‘डॉक्टरांना विचारा’ हे सदर सांभाळायचं, एवढंच माझं काम. उत्तरं डॉ. हिरेमठांची असत. पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालेले, आडव्या बांध्याचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. दर गुरुवारी चार वाजता येत, चहा बशीत ओतत आणि म्हणत, “हं, सोवनी, वाचा. कुणाची म्हैस काय म्हणते?” मी पत्रं वाचून दाखवी, ते उत्तरं सांगत, मी ती नीट मराठीत लिहून काढी.

प्रश्न दर वर्षी तेच येत. म्हणून मी त्यांच्या उत्तरांची कार्डं करायला घेतली. आजारवार, जनावरवार, बुटांच्या खोक्यांत लावलेली. तीन वर्षांत चार खोकी झाली. डॉक्टर हसून म्हणत, “मी मेलो तरी सदर दोन वर्षं चालतंय बघा.” मला आयुष्यात कधी कशाचा अभिमान वाटला असेल तर त्या खोक्यांचा. खरं तर मी कधी गाईच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवलेला नव्हता.

अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये डॉक्टर मुलीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे धारवाडला गेले. जाताना म्हणाले, “कार्डं आहेत की. अडलं तर ठेवून द्या, आलो की बघू.” त्यांच्या मागे दुसऱ्याच दिवशी शालनबाईंचं पहिलं पत्र आलं. ते मला अजून पाठ आहे.

‘माझी कुत्री झिपरी आठ महिन्यांची आहे. माहेराहून आणली आहे. चार दिवसांपासून तिच्या लघवीतून रक्त जाते. सारखी बसते, दोन थेंब होतात, परत बसते. बसली की कण्हते. झोपते त्या पोत्यावर डाग नाही. वस्तीवर तीन गडी कुत्री आहेत, ती फिरकत नाहीत. सासूबाई म्हणतात ती बाहेरची झाली आहे, म्हणून तिला मेंढरांच्या वाडग्यात वेगळी बांधली आहे आणि कोणी शिवायचे नाही. सारखी मुतते म्हणून पाणीही कमी केले आहे. मी म्हणते हे दुखणे आहे. मालक मेंढरे घेऊन बाहेर आहेत. घरात असे ठरले आहे की पेपरात जे येईल ते खरे धरायचे. तरी लवकर उत्तर द्यावे.’

मी कार्ड काढलं. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका बंगलेवाल्यांना त्यांच्या अल्सेशियन कुत्रीबद्दल दिलेलं उत्तर होतं. ‘सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान पहिला माज येतो. रक्तस्राव होतो. या काळात कुत्री थोडी थोडी, वारंवार लघवी करते, घाबरू नये. औषधाची गरज नाही. तीन आठवडे बांधून ठेवावी.’ आठ महिने, रक्त, वारंवार लघवी. तिन्ही खुणा जुळल्या. ठेवून द्यायला मला वाव होता, पण त्या अंकात सदराला बारा ओळी कमी पडत होत्या. मी कार्ड उतरवून काढलं आणि शेवटी माझं स्वतःचं एक वाक्य घातलं: ‘आपल्या सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे.’ वडीलधाऱ्यांचा मान राखणारं वाक्य म्हणून मला ते आवडलं होतं. खाली नेहमीप्रमाणे डॉ. हिरेमठांचं नाव.

अंक निघाला आणि पुढच्या गुरुवारी डॉक्टर ठरल्यापेक्षा लवकर परत आले. नातू झाला होता, पेढे होते. बशीत चहा ओतून त्यांनी अंक उघडला, सदर वाचलं आणि बशी तशीच खाली ठेवली.

“हे मूळ पत्र आणा.”

मी आणून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“सोवनी, तुम्ही हे वाचलंत?”

“वाचलं की.”

“मग ‘पोत्यावर डाग नाही’ हे काय वाचलंत?”

मी वाकून ती ओळ शोधू लागलो.

“अहो, माजावर आलेली कुत्री बसली तिथं थेंब ठेवते, झोपून उठली तिथं डाग ठेवते. तिचं रक्त काही लघवीची वाट बघत नाही. हिचं पोतं कोरडं आहे. रक्त फक्त लघवीतून येतंय. म्हणजे बिघाड मूत्राशयात. दुसरं, माजावरची कुत्री फिरत फिरत मुतते. गावभर चिठ्ठ्या टाकल्यासारखी, आनंदानं. ही बसून कण्हते. आणि तिसरं, वस्तीवरचे तीन गडी फिरकत नाहीत! अहो, माज असता तर तिसऱ्या गावचे आले असते. कुत्र्यांनीसुद्धा निदान केलं, फक्त आपण नाही केलं.”

“कार्डावर…”

“कार्डावर त्या बंगल्यातली कुत्री आहे हो! तिच्या मालकाला तिच्या सतरंजीची काळजी होती.” ते थांबले. माझं तोंड बघून त्यांचा आवाज उतरला असावा. “या बाईनं सगळं बघून, मोजून, निदान करून पाठवलंय. आपण फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.”

मी विचारलं, “आता?”

“आता काय! पाणी तोडलंय म्हणतीय. उन्हाळा आहे. जंतू वर चढले तर मूत्रपिंडं जातील. छापून कळवायला आठवडा. पत्राला चार दिवस. तुम्ही जा.”

“मी?”

“मग मी जाऊ? गुडघे बघा माझे. चिठ्ठी देतो. तिथल्या गुरांच्या दवाखान्यात आमचा शिंत्रे आहे, त्याला घेऊन वस्तीवर जा. आणि आपली चूक झाली म्हणून सांगा त्या म्हातारीला. खुलासा पुढच्या अंकात टाकू, माझ्याच नावानं. मला काही वाटत नाही, चाळीस वर्षांत पुष्कळ चुकलोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी आटपाडीकडे निघालो. वाटभर मी वाक्य जुळवत होतो. ‘आजी, चूक आमची झाली.’ ‘आजी, पेपरात आलं ते बरोबर नव्हतं.’ मला घरी दूधवाल्याला दूध पातळ आहे एवढं सांगायचं तरी आदल्या दिवसापासून तयारी लागते.

दवाखान्यात शिंत्रे नव्हते, कुठंतरी लसी टोचायला गेले होते. चिठ्ठी शिपायाकडे ठेवून, त्यांना वस्तीवर पाठवा असं सांगून मी पुढं चालत गेलो. तीन किलोमीटर बोडका माळ होता. वस्ती म्हणजे दोन छपरं, एक लिंब आणि बाजूला काट्याकुट्यांनी वेढलेलं मेंढरांचं रिकामं वाडगं.

लिंबाखाली गजराबाई वाती वळत बसल्या होत्या. शालनबाईंच्या सासूबाई त्याच, हे विचारायची गरज पडली नाही. वस्तीवर कोण आलं आणि कशाला आलं हे ठरवायचा हक्क त्यांच्या बसण्यातच होता.

“कोण पावणं?”

“मी सांगलीहून आलोय. औतकाठीमधून.”

“पेपरातनं? आगं शालन, पेपरवालं आल्यात! पाणी आण.” त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. “तुमीच का डाक्टर?”

“नाही. मी त्यांच्याकडून आलोय.”

“वाटलंच. डाक्टर म्हंजी जरा अंगापिंडानं आसतोय.”

शालनबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. पंचविशीच्या असतील. कडेवर वर्षाची मुलगी. तांब्या दिला आणि दाराशी उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे, छपराच्या कुडाला, औतकाठीचं कात्रण पिठाच्या खळीनं चिकटवलेलं दिसत होतं.

गजराबाईंनी माझी नजर पकडली. “चिकटवून ठिवलंय. वाचता मला येत न्हाई, पर शाळंतल्या पोरानं चारदा वाचून दावलंय. ‘सासूबाईंचं म्हणणं बराबर हाय.’ ही बया आठ दिस माज्याशी भांडत हुती. दुखणं हाय म्हनं. सातवी शिकलीया न्हवं! म्हनलं, बाई, तुज्यापरास चार पावसाळं जास्त बगितल्यात म्या. कुत्रं काय आन बाई काय, बाहेरची झाली की वेगळं बसायचं.”

“झिपरी कशी आहे?” मी विचारलं.

उत्तर शालनबाईंनी दिलं. “काल सकाळपासून खाल्लं नाही.”

आम्ही वाडग्याकडे गेलो. काळी, केसाळ, लहानखुरी कुत्री खुंटाला आखूड दोरीनं बांधली होती. थाळी कोरडी. खाली अंथरलेल्या पोत्यावर धूळ होती, पण डाग एकही नव्हता. आम्हाला पाहून ती उठली, दोन पावलं गेली आणि बसली. पाठ कमानीसारखी वाकली. बराच वेळ काही झालं नाही. मग तांबूस दोन-तीन थेंब पडले आणि तिच्या घशातून एक बारीक आवाज आला. ती सरकली आणि परत बसली.

शालनबाई पुढं झाल्या तशा गजराबाई म्हणाल्या, “शिवू नगं. सैपाक व्हायचाय तुजा.”

शालनबाई थांबल्या. मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. पेपरात जे येईल ते खरं, असं त्या घरात ठरलं होतं आणि पेपर समोर उभा होता.

मी म्हणालो, “हिला पाणी द्यायला हवं. भरपूर. आणि दवाखान्याचे शिंत्रे येतायत, ते इंजेक्शन देतील. हे दुखणं आहे.”

गजराबाईंच्या हातातली वात थांबली. “दुखणं? मग पेपरात कसं आलं?”

मी कोरड्या थाळीकडे पाहिलं.

“न्हाई, सांगा की. आमचं चुकलं म्हंता का पेपराचं चुकलं?”

एसटीत जुळवलेली वाक्यं सगळी आठवत होती. मी म्हणालो, “तसं नाही आजी. तेव्हा माजच होता. त्यावर आता हे दुसरं दुखणं आलंय.”

“आसं म्हना की.” वात परत वळायला लागली. “मग हुईल. वरनं दुखणं कुनालाबी हुतंय. ऐकलंस का गं? त्येंनी बी सांगितलं, माजच हुता.”

शालनबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी मुलीला खाली ठेवलं, आत जाऊन घागर आणली आणि थाळीत पाणी ओतलं. झिपरी थाळी रिकामी होईपर्यंत पीत राहिली. त्यांनी परत ओतलं. या वेळी त्यांचा हात तिच्या मानेवर होता आणि गजराबाई काही बोलल्या नाहीत, कारण आता ते दुखणं होतं.

शिंत्रे दुपारी सायकलवरून आले. चिठ्ठी त्यांनी वाचलेली होती. त्यांनी कुत्रीचं पोट दाबून पाहिलं, शेपटी उचलून पाहिली, “सूज नाही, काही नाही,” असं पुटपुटले आणि माझ्याकडे बघून माजाबद्दल काहीतरी बोलणार तेवढ्यात मी म्हणालो, “मला तीनची गाडी पकडायची आहे.” इंजेक्शन झालं. गोळ्या दहा दिवसांच्या. निघताना गजराबाईंनी मला शेंगांची पिशवी दिली. शालनबाई वाडग्यातच होत्या.

गुरुवारी डॉक्टरांनी विचारलं, “सांगितलंत ना म्हातारीला?”

“हो.”

“काय म्हणाली?”

“समजूतदार आहेत. खुलासा नको म्हणाल्या. कशाला उगीच, म्हणाल्या.”

“बघा, खेड्यातली माणसं मोठ्या मनाची असतात,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पत्रासाठी हात केला. शेंगा त्यांनी आणि कंपोझिटरनं खाल्ल्या.

दुसरं पत्र जुलैत आलं. या वेळी पत्त्यात सदराचं नाव नव्हतं. ‘सांगलीहून आलेले उपसंपादक’ असं लिहिलं होतं.

‘झिपरी त्या वेळी बरी झाली. मागच्या आठवड्यात तिला माज आला. पोत्यावर, ओट्यावर सगळीकडे डाग. गडी कुत्री रात्रंदिवस दारात. शिंत्रे डॉक्टर म्हणाले हा पहिलाच. सासूबाईंना सांगितले तर म्हणाल्या, पहिला पेपरात आला होता, हा दुसरा.

‘तुम्ही त्या दिवशी पोते पाहिले होते. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्हाला माहीत होते असे मला वाटते. वाईट वाटून घेऊ नका, पण तेव्हापासून घरात माझ्या बोलण्याला किंमत नाही. धाकटीला जुलाब लागले तेव्हा मी पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे म्हणाले. तुला पेपरवाल्यांनी खोटे पाडले होते, असे म्हणून नेऊ दिले नाही. दोन दिवस गेले. मूल वाचले. सलाईन लावावे लागले.

‘छापू नका. डॉक्टरांच्या नावाला कमीपणा नको. फक्त दोन ओळी लिहून पाठवा की झिपरीला पहिल्यापासून दुखणेच होते. त्या मी कात्रणाच्या शेजारी लावीन.’

मी त्याच दिवशी लिहायला बसलो होतो. पहिल्या ओळीत ‘गैरसमज’ लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्या दिवशी ‘अनवधानाने’ लिहिलं. मग वाटलं, डॉक्टरांना कळलं तर? मग वाटलं, आठवडा गेला, आता उशिराबद्दलही लिहावं लागेल. मग दिवाळी आली. मी पत्र त्या कार्डामागे ठेवलं. सत्त्याण्णव साली डॉक्टर गेले. चार वर्षांनी औतकाठी बंद पडलं आणि खोकी मी घरी आणली.

या वर्षी फेब्रुवारीत, खालच्या मजल्यावरची ओवी जिन्यात रडत बसलेली दिसली. कॉलेजात जाते, तिच्याकडे सात महिन्यांची कुत्री आहे. मी सहसा बाजूनं निघून जातो. पण तिच्या मोबाइलवर कुणीतरी मोठ्यानं सांगत होतं की पहिल्या माजात रक्त जाणं अगदी नैसर्गिक आहे, काळजी करू नका.

मी विचारलं, “ती झोपते तिथं डाग पडतात का?”

ओवीनं वर पाहिलं. बहुधा माझा आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला असावा. “नाही, आजोबा. गादी स्वच्छ आहे. फक्त शू करताना.”

“बसते आणि होत नाही, असं?”

“हो, सारखी. आणि रडते.”

“खालची भटकी कुत्री गेटवर जमली आहेत?”

“एकसुद्धा नाही.”

“मग आजच डॉक्टरकडे ने. आणि पाणी कमी करू नकोस.”

संध्याकाळी ती वर आली. मूत्राशयाला जंतुसंसर्ग होता, औषध सुरू झालं होतं. दारातच म्हणाली, “तुम्हाला एवढं कसं माहीत? तुम्ही तर पुस्तकंच वाचत बसता.”

“एका बाईंनी मला लिहून कळवलं होतं,” मी म्हणालो.

ती गेल्यावर मी खोकं काढलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन साधं कार्ड मागितलं. काउंटरवरच्या मुलीला ते खालच्या खणात शोधावं लागलं. पाकीट घ्या, आजोबा, कार्ड आता कोण लिहितंय, असं ती म्हणाली. मला कार्डच हवं होतं. बंद पाकीट त्या एकट्याच फोडतील. कार्ड वाटेत पोस्टमन वाचतो, आणि वस्तीवर ते ज्याच्या हाती पडेल तो मोठ्यानं वाचून दाखवतो. तिथंच बाकावर बसून लिहिलं. छत्तीस वर्षांत जमलं नव्हतं, त्याला दहा मिनिटं लागली.

‘सौ. शालन बंडगर यांस. एप्रिल १९८८ मध्ये तुमच्या झिपरीला माज नव्हता. पहिल्यापासून मूत्राशयाचे दुखणेच होते. तुम्ही लिहिले ते सर्व बरोबर होते. पेपरातले उत्तर डॉ. हिरेमठांचे नव्हते, मी दिले होते, आणि ते चूक होते. वस्तीवर येऊन तुमच्या सासूबाईंना मी खोटे सांगितले. पोते मी पाहिले होते. तुम्ही आणि धाकटी कशा आहात ते कळवावे. – वामन सोवनी.’

त्या आहेत की नाहीत, वस्ती आहे की नाही, मला माहीत नव्हतं. पत्ता जुन्या पत्रावरचाच घातला. बाहेरच्या पेटीत टाकायला धीर होईना, म्हणून कार्ड काउंटरवर दिलं. मुलीनं ते उलटं केलं, पत्ता पाहिला, परत सुलटं केलं आणि माझ्यासमोरच शेवटपर्यंत वाचलं.

“मग कुत्री वाचली का?” तिनं विचारलं.

“वाचली.”

“आणि त्या बाई?”

“तेच विचारलंय शेवटी.”

तिनं मान हलवली, कार्डावर शिक्का मारला आणि मागच्या टोपलीत, बाकीच्या टपालाच्या वर टाकलं.